दिसत नाही तीच खूण कामाची! न दिसणाऱ्या शाईने आपला माल कसा ओळखायचा?



समजा, तुमचा लोणच्याचा व्यवसाय आहे. एक दुकानदार बुरशी आलेल्या बारा बरण्या परत पाठवतो. म्हणतो, "तुमचाच माल आहे, बदलून द्या." लेबल तर हुबेहूब तुमच्यासारखं आहे. पण बरणी तुमची आहे का? नाही म्हणालात तर दुकान तुटतं. हो म्हणालात तर दुसऱ्याच्या मालाचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

इथे कामाला येते न दिसणारी फ्लुरोसंट शाई. नोटेवरचा नंबर यूव्ही दिव्याखाली चमकतो ना? तेच तत्त्व. शाईतलं रसायन डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि तोच दिसणाऱ्या रंगात परत सोडतं. एरवी छापलेलं काहीच दिसत नाही.

तारीख आणि बॅच नंबर छापायला जो छोटा हँडहेल्ड इंकजेट प्रिंटर मिळतो, त्यातल्या अनेक मॉडेल्सना अशा शाईचं कार्ट्रिज चालतं. पण घेण्याआधी या पाच गोष्टी बघा.

१. नाव नीट सांगा. बाजारात नुसती "यूव्ही शाई" मागितली तर यूव्ही दिव्याने वाळणारी शाई हातात पडू शकते. ती वेगळी. तुम्हाला हवी "न दिसणारी, यूव्हीखाली चमकणारी" शाई.

२. माल कशाचा आहे? कागद आणि पुठ्ठा शाई शोषून घेतात, तिथे पाण्यावर आधारित शाई चालते. प्लास्टिक, काच, पत्रा यांच्यावर ती पुसली जाते. तिथे लवकर वाळणारी सॉल्व्हेंट शाई घ्या.

३. रंग कोणता? पांढऱ्याशुभ्र कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, त्यामुळे तो कागद स्वतःच यूव्हीखाली निळा दिसतो. त्यावर निळी शाई हरवून जाते. लाल किंवा हिरवी चमकणारी घ्या.

४. टॉर्च कोणता? स्वस्त टॉर्च बहुतेक 395 नॅनोमीटरचे असतात. त्यांच्या जांभळ्या उजेडात खूण नीट दिसत नाही. 365 नॅनोमीटरचा घ्या. आणि टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

५. ऊन लागणार का? यातल्या बऱ्याच शाया उन्हात फिक्या पडतात. म्हणून खूण लेबलच्या सावलीत राहील अशा जागी छापा, आणि नमुना काही आठवडे उन्हात ठेवून तपासा. खूण नेहमी बाहेरच्या पॅकिंगवर, खाद्यपदार्थाला लागेल अशी कधीच नाही.

एक गंमत ऐका. साधी तारीख छापायची राहिली तर लगेच कळतं. ही शाई संपली तर कुणालाच कळत नाही! म्हणून दर पन्नास नगांमागे एक नग टॉर्चखाली तपासायची सवय लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही शाई तुम्हाला मिळते, तशी नकली माल बनवणाऱ्यालाही मिळते. म्हणजे शाई हे गुपित नाहीच. गुपित आहे तुमचा कोड आणि तुमची नोंदवही. प्रत्येक बॅचला वेगळा कोड द्या, छापायची जागा बदलत राहा, आणि कोणता कोड कोणत्या दुकानात गेला ते लिहून ठेवा. म्हणजे बरणी परत आली की दोन मिनिटांत उत्तर: आपली आहे का, आणि कुणाला दिली होती. नोंद नसेल तर ती खूण नुसती रोषणाई!

आणि हो, एमआरपी, वजन, तारीख, पत्ता ही कायद्याने लागणारी माहिती दिसणाऱ्या शाईतच हवी.

आजचं काम: प्रिंटर नंतर घ्या. आधी एक वही घ्या आणि पुढच्या बॅचपासून कोणता माल कुठे गेला ते लिहायला लागा. वही महिनाभर नीट चालली, तरच शाईवर पैसे घाला.