उडी जमिनीवरच ठरते

जिमी जॉर्ज उडी मारून हवेत थांबायचे, असं केरळमधले जुने व्हॉलीबॉलप्रेमी अजून सांगतात. १९८६च्या सोल एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातला हा खेळाडू इटलीतल्या क्लबांकडूनही खेळला. आता हवेत कोणीच थांबत नाही, हे उघड आहे. पण पाहणाऱ्यांचे डोळेही अगदीच खोटं बोलत नव्हते. ८० सेंटिमीटरच्या उडीत शरीर जेमतेम ०.८ सेकंद हवेत असतं आणि वर जाताना वेग सतत घटत असल्यामुळे त्यातला निम्मा वेळ सर्वांत वरच्या २० सेंटिमीटरमध्येच जातो.

पाय सुटले की उडीची उंची ठरून गेलेली असते. पुरुषांचं नेट २.४३ मीटरवर असतं. त्याच्या वर हात काढून स्मॅश मारायचा तर जे काही करायचं ते पाय जमिनीवर असतानाच, आणि त्यासाठी हातात असतो सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा. स्नायूंना पूर्ण जोर लावायला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून शेकडो बैठका काढून मांड्या कमावलेला गडी नेटवर कमी पडू शकतो. बैठका वाया जात नाहीत, बळाशिवाय पुढचं काहीच नाही. पण ते बळ झटक्यात बाहेर काढणं ही वेगळी तालीम आहे.

घरीच करून पाहा. गुडघे वाकवून दोन-तीन सेकंद तसेच थांबा आणि मग उडी मारा. नंतर उभ्याने झपकन वाकून लगेच उडी मारा. दुसरी उडी उंच जाते. झटक्यात वाकताना स्नायू आधीच ताणात येतात, शिवाय टाचेमागची आणि गुडघ्याखालची कंडरा रबरासारखी ताणून ऊर्जा साठवते. मध्ये थांबलात की त्यातला बराचसा फायदा विरून जातो.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात याच गुणावर व्यायाम बसवला : खोक्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी वर उसळायचं. आज ही पद्धत प्लायोमेट्रिक्स म्हणून ओळखली जाते. यात खोक्याच्या उंचीपेक्षा पाय जमिनीला किती कमी वेळ टेकले हे महत्त्वाचं. जमिनीवर रेंगाळणाऱ्याने खोका बुटका करावा. नवख्याला गुडघाभरापेक्षा कमी उंची, मोजक्या उड्या आणि मध्ये एक-दोन दिवसांची विश्रांती पुरते. रोज शंभर उड्या मारून घेणारे प्रशिक्षक मेहनती असतील, शहाणे नव्हेत.

कारण स्नायू लवकर तयार होतात, कंडरा फार सावकाश. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४५ टक्के व्हॉलीबॉलपटूंना गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचं दुखणं आढळलं. त्यावर जड वजनाच्या संथ बैठका उपयोगी पडतात. नुसती विश्रांती घेऊन ते सहसा हटत नाही.

उतरण्याची तालीम मात्र आपल्याकडे फारशी कोणी घेत नाही. गुडघे आत न झुकवता, दोन्ही पायांवर, आवाज न करता उतरायचं. घोटे मुरगळतात ते बहुतेकदा नेटखाली, समोरच्याच्या पायावर पाय पडून. म्हणून स्मॅश मारणाऱ्याने धावत येऊन पुढे झेपावण्याऐवजी शेवटचं पाऊल लांब टाकून सरळ वर उडायचं, म्हणजे पाय मधल्या रेषेच्या अलीकडेच पडतात.