घरगुती ध्वनिपरिवर्तकातील क्षीण खर्ज

घरगुती ध्वनिपरिवर्तकातील क्षीण खर्ज हा अंकीय ध्वनीचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या, घरी जुळवलेल्या 'डॅक' मंडलांत आढळणारा दोष आहे. तबल्यातील डग्गा किंवा तानपुऱ्याची खर्जाची तार यांचा नाद अशा मंडलातून पातळ ऐकू येतो; वरचे स्वर मात्र स्पष्ट राहतात. बहुतेक वेळा दोष परिवर्तक चिपचा नसून चिप व अ‍ॅम्प्लिफायर यांमधील कपॅसिटरचा असतो.

कारण

टीडीए१५४३ सारख्या एकेरी वीजपुरवठ्यावरील चिपांच्या आउटपुटवर ध्वनिसंकेताबरोबर स्थिर डीसी दाबही असतो. तो अडवण्यासाठी एकसरीत कपॅसिटर जोडतात. पुढील उपकरणाच्या रोधासह हा कपॅसिटर कमी वारंवारता अडवणारी गाळणी बनतो. तिची सीमा १ ÷ (२ × π × रोध × धारिता) या सूत्राने मिळते. या सीमेवर संकेताचा दाब सुमारे ७१ टक्के उरतो आणि तिच्या बऱ्याच खाली प्रत्येक सप्तकाला जवळजवळ निम्मा होत जातो.

• १ मायक्रोफॅरड, १० किलोओहम : सुमारे १६ हर्ट्झ
• ०.१ मायक्रोफॅरड, १० किलोओहम : सुमारे १५९ हर्ट्झ
• १० मायक्रोफॅरड, ३२ ओहमचा हेडफोन : सुमारे ४९७ हर्ट्झ

म्हणूनच एकच परिवर्तक अ‍ॅम्प्लिफायरवर भरदार, तर हेडफोनवर पोकळ वाटू शकतो. लहान कपॅसिटरवर '१०४' म्हणजे ०.१ आणि '१०५' म्हणजे १ मायक्रोफॅरड. या दोहोंची अदलाबदल झाल्यास सीमा दहापट वर सरकते.

निदान

सुट्या भागांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा मुंबईतील प्रसिद्ध बाजार आहे. कल्याणलगतच्या विठ्ठलवाडीहून तेथे जाणे म्हणजे लोकलचा दीर्घ प्रवास. त्यामुळे नवी चिप आणण्यापूर्वी पुढील चाचण्या करणे हिताचे ठरते.

१. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला दुसरा ध्वनिस्रोत जोडावा. तरीही खर्ज क्षीण असल्यास दोष पुढे, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वा स्पीकरमध्ये आहे.
२. दोन्ही स्पीकरपेक्षा एकट्या स्पीकरवर खर्ज अधिक येत असल्यास एका बाजूची जोडणी उलटी आहे. दोन्ही स्पीकरच्या लाटा एकमेकींना मारतात.
३. समान पातळीचे ५०, १००, २०० आणि ४०० हर्ट्झचे स्वर वाजवून कपॅसिटरच्या पुढे एसी दाब मोजावा. यासाठी २ व्होल्टची एसी श्रेणी असलेला मल्टिमीटर लागतो. अ‍ॅम्प्लिफायर काढताच ५० हर्ट्झचा दाब लक्षणीय वाढल्यास कपॅसिटर अपुरा आहे. फरक न पडल्यास संगणकातील इक्वलायझर तपासावा.

दुरुस्ती

१० किलोओहमच्या इनपुटसाठी १ ते ४.७ मायक्रोफॅरड धारिता पुरेशी असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापरल्यास त्याचे धन टोक अधिक डीसी दाबाच्या, म्हणजे सामान्यतः चिपच्या बाजूला ठेवतात. हेडफोनसाठी धारिता वाढवत बसण्यापेक्षा मध्ये स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर जोडणे योग्य, कारण अनेक चिपांना तेवढा प्रवाह देता येत नाही.

खर्ज वाढावा म्हणून कपॅसिटर सरळ काढून टाकणे धोक्याचे आहे. डीसी दाब अ‍ॅम्प्लिफायरमार्गे स्पीकरपर्यंत पोहोचल्यास त्याची कॉइल जळू शकते. पीसीएम५१०२ सारख्या, शून्याभोवती संकेत देणाऱ्या चिपांना मात्र या कपॅसिटरची गरज नसते. कोणताही भाग बदलण्यापूर्वी २३० व्होल्टचा वीजपुरवठा पूर्ण बंद करणे आवश्यक आहे.