आयपी ॲड्रेस, टॉवर लोकेशन आणि माणूस

ऑगस्ट २००७च्या अखेरीस पुणे पोलिसांचं एक पथक बंगळुरूला गेलं आणि एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला त्याच्या घरातून ताब्यात घेऊन पुण्याला आलं. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर कुणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला होता. तो ज्या आयपी ॲड्रेसवरून टाकला गेला, तो त्या वेळी कोणाकडे होता, हे पोलिसांनी इंटरनेट कंपनीला विचारलं. कंपनीनं या तरुणाची माहिती पाठवली, आणि ती चुकीची होती. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. चूक लक्षात येऊन तो तुरुंगाबाहेर पडेपर्यंत सुमारे ५० दिवस उलटले होते. खरे संशयित सापडल्यावरही काही दिवस तो आतच होता.

या प्रकरणात कुणी खोटा पुरावा रचला नव्हता. पत्र गेलं, उत्तर आलं, उत्तरावर विश्वास ठेवला गेला. शेजाऱ्यानं एखाद्याचं नाव सांगितलं असतं, तर पोलिसांनी त्याला उलटसुलट दहा प्रश्न विचारले असते. संगणकातून आलेल्या नावाला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आयपी ॲड्रेस म्हणजे आधार क्रमांक नव्हे. तो लॉजच्या खोलीसारखा असतो. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. खोलीत कोण उतरलं होतं हे सांगायला तारीख आणि वेळ दोन्ही लागतात, आणि गडबड बहुधा वेळेतच होते. परदेशी कंपन्यांच्या नोंदी अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हा फरक धरायचा राहिला की पोलीस भलत्याच माणसाच्या दारात उभे राहतात. आता तर मोबाइल कंपन्या एकच आयपी ॲड्रेस एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळे वेळेच्या जोडीला त्यातली नेमकी जोडणी ओळखणारा पोर्ट क्रमांकही लागतो. तो मागायचा राहिला, तर हाती एक नाव न येता नावांची यादी येते.

टॉवर लोकेशनचंही तसंच. ‘आरोपीचं लोकेशन घटनास्थळी मिळालं’ ही ओळ बातमीत वाचली की वाचकाच्या मनात खटला तिथेच संपतो. फोन कोणत्या टॉवरशी जोडला गेला होता, एवढंच ती नोंद सांगते. तो टॉवर दरवेळी सर्वांत जवळचा असेलच असं नाही. गर्दी, उंच इमारती, डोंगर यांमुळे फोन दूरचा टॉवरही पकडतो. शहरात एका टॉवरची कक्षा काहीशे मीटरची असते, तर ग्रामीण भागात ती कित्येक किलोमीटरपर्यंत जाते. शिवाय फोन तिथे होता म्हणजे फोनचा मालकही तिथे होता, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

डेन्मार्कला हा धडा फार महागात मिळाला. मोबाइल कंपन्यांकडून आलेला कच्चा डेटा पोलिसांना वाचता येईल अशा रूपात आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. काही कॉल गळून पडत होते, काही फोन भलत्याच टॉवरशी जोडले जात होते. २०१९मध्ये हे उघड झालं, तेव्हा असा पुरावा न्यायालयात मांडणं दोन महिने थांबवण्यात आलं आणि २०१२पासूनची १०,०००हून अधिक प्रकरणं पुन्हा तपासायला काढावी लागली. अशा बारीक दोषानं निकालाचा अर्थ बदलू शकतो, हे सात वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

यंत्रातून आलेल्या पुराव्यावर विश्वास कधी ठेवायचा, या प्रश्नाला भारतात कायद्यानं दिलेलं उत्तर म्हणजे प्रमाणपत्र. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बनुसार सीडी, पेन ड्राइव्ह किंवा कॉलच्या नोंदींची छापील प्रत न्यायालयात द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली, हे जबाबदार माणसानं लिहून द्यावं लागे. हे प्रमाणपत्र सक्तीचं की ऐच्छिक, यावर सर्वोच्च न्यायालयाची मतं बदलत गेली. संसद हल्ला खटल्याच्या २००५मधल्या निकालात त्याविनाही चाललं, २०१४मध्ये ते अनिवार्य ठरलं, २०१८मध्ये पुन्हा सैल झालं.

शेवटी हा गुंता सुटला तो जालन्याच्या एका निवडणुकीमुळे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी कैलास गोरंट्याल यांच्यापुढे निघाले. खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि त्याला आधार होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाचा. पुन्हापुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: प्रमाणपत्र हवंच, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर ते लागत नाही, आणि ज्याला सर्व प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, त्याला त्याची शिक्षा नको. एका मतदारसंघातला वाद, पण खुनापासून फसवणुकीपर्यंतच्या खटल्यांना हाच नियम लागू झाला.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा. त्यात हॅश व्हॅल्यूही नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणितानं काढलेली अक्षरांची आणि आकड्यांची ओळ. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ती पूर्ण बदलते. जप्तीच्या वेळची आणि न्यायालयातली हॅश जुळली, तर मधल्या काळात कुणी हात लावला नाही, असं मानता येतं. मुद्देमालावरच्या लाखेच्या सीलचं काम आता हा आकडा करतो.

पण सील बसण्याआधी काय झालं होतं? ते हॅश सांगू शकत नाही, आणि सगळ्यात कठीण प्रश्न तोच आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकी न्यायसहायक संस्थेनं बचाव पक्षासाठी एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत तपासली. दोषारोपाचा आधार असलेली पत्रं ‘नेटवायर’ नावाच्या घुसखोर सॉफ्टवेअरमधून बाहेरून त्यात टाकली गेली, असा तिचा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं तो अमान्य केला आहे. त्याची खरी कसोटी साक्षीपुराव्यातच लागायची आहे. अशा वादात प्रमाणपत्र आणि जुळलेली हॅश दोन्ही असली, तरी ‘फाइल तिथे कुणी ठेवली’ हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

ब्रिटननं तर यंत्रावर आणखी भरवसा टाकला. संगणक नीट चालत होता, हे सिद्ध करायला लावणारी तरतूद तिथं १९९९च्या कायद्यानं रद्द झाली आणि संगणक बरोबरच असतो, हे गृहीत धरलं जाऊ लागलं. त्याच सुमारास तिथल्या टपाल खात्यात फुजित्सूची ‘हॉरायझन’ प्रणाली आली. तिच्या हिशेबात प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली आणि ती भरून काढायची जबाबदारी छोटी टपाल कार्यालयं चालवणाऱ्यांवर येऊन पडली. ९००हून अधिक माणसं चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. सरे परगण्यातल्या एका भारतीय वंशाच्या गर्भवती महिलेला नोव्हेंबर २०१०मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी तिच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. २०२१मध्ये तिच्यासह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि २०२४मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला खास कायदा करावा लागला. संगणक बरोबर असतो, हे गृहीत ठेवावं का, यावर २०२५च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारनं लोकांची मतं मागवली.

आपल्याकडे डिजिटल पुरावा नीट जपण्याची जबाबदारी जप्ती करणाऱ्या हवालदारापासून सुरू होते. फोन जप्त करताना तो बंद केला की चालू ठेवला, नेटवर्कपासून तोडला की नाही, पंचांसमोर प्रत काढली का, हॅश त्याच वेळी लिहिली की आठवड्यानं. ही माहिती पंचनाम्यात यायला हवी, आणि बचावाच्या वकिलाला मूळ डेटाची प्रत मिळायला हवी. बंगळुरूच्या त्या तरुणाच्या बाबतीत उत्तरादाखल आलेल्या पत्राशेजारी पोलिसांनी मूळ नोंद ठेवून वेळ एकदा ताडून पाहिली असती, तर कदाचित पथकाची गाडी पुण्यातून निघालीच नसती.