दुबईत अचानक ॲडमिट व्हावं लागलं तर बिल कोण भरणार? आखातात माणूस असलेल्या घरांनी हे वाचाच

खेड, दापोली, मंडणगड, चिपळूणपासून श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंत अशी कितीतरी गावं आहेत, जिथे घरटी एखादा माणूस आखातात आहे. कुणी एकटा, कुणी बायकापोरांसह. पगार किती, सुट्टी कधी, हे आपण फोनवर विचारतो. पण "तुझा मेडिकल इन्शुरन्स कुठला? त्यात वहिनी आणि पोरं आहेत का?" हे सहसा कुणी विचारत नाही. मग एका रात्री फोन येतो, पेशंट आयसीयूत आहे आणि हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय. तेव्हा गावाकडे दागिने गहाण टाकायची वेळ येते.

आपली सर्वात जास्त माणसं संयुक्त अरब अमिराती म्हणजे दुबई, शारजा, अबू धाबी या भागात आहेत. म्हणून तिथले नियम सोप्या भाषेत देत आहोत. हिशेबासाठी 1 दिरहम म्हणजे साधारण 24 रुपये धरले आहेत. दर रोज थोडा बदलतो.

कामगाराचा विमा कंपनीच्या खर्चाने

दुबईत नोकरदाराचा आरोग्य विमा कंपनीने काढायचा हा कायदा 2013 सालचा आहे. 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन इथेही खासगी नोकरदार आणि घरकामगारांसाठी विमा सक्तीचा झाला. विमा नसेल तर व्हिसा निघत नाही, रिन्यूही होत नाही. प्रीमियमचे पैसे कंपनीने भरायचे असतात, पगारातून कापायचे नसतात.

या उत्तरेकडच्या अमिरातींसाठी सरकारने स्वस्त बेसिक पॅकेज ठरवलंय. वर्षाला 320 दिरहम, म्हणजे आपले साडेसात हजारांच्या आसपास. त्यात ॲडमिट झाल्यास खर्चाचा 20 टक्के वाटा पेशंटचा. पण एका वेळेला जास्तीत जास्त 500 दिरहम आणि वर्षभरात 1,000 दिरहम. त्यावरचं विमा कंपनी भरते. मात्र ठरलेल्या यादीतल्या हॉस्पिटलांतच. या यादीला तिकडे 'नेटवर्क' म्हणतात.

दुबईत कमी पगाराच्या लोकांना जो बेसिक प्लॅन मिळतो, त्याची वर्षाची मर्यादा 1.5 लाख दिरहम, म्हणजे सुमारे 36 लाख रुपये. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण आयसीयू, ऑपरेशन आणि लांबलेला मुक्काम यात ती संपूही शकते.

घोळ होतो तो कुटुंबाच्या बाबतीत

बऱ्याच जणांचा समज असतो, की कंपनीने विमा दिला म्हणजे बायकापोरांचा पण झाला. दुबईत तसं नाही. ज्याच्या व्हिसावर कुटुंब राहतं, त्यानेच त्यांचा विमा काढायचा. कंपनीने स्वतःहून दिला तर चांगलंच, पण ती तिची सक्ती नाही. विमा नसेल तर माणशी दर महिन्याला 500 दिरहम दंड आहे. अबू धाबीचे नियम वेगळे आहेत, तिथे कंपनीला लेखी विचारून घ्या.

दुसरा घोळ व्हिजिट व्हिसाचा. आई-वडिलांना दोन महिने दुबई दाखवायला नेतात. मुलाचा विमा त्यांना लागू होत नाही. समजा वडिलांना हार्ट अटॅक आला आणि खासगी हॉस्पिटलचं बिल 60,000 दिरहम झालं. ते होतात 14 लाख 40 हजार रुपये, आणि सगळे मुलाच्या डोक्यावर. इथून निघण्याआधी प्रवास विमा काढला असता तर पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत तो खर्च विम्यातून गेला असता. पण विमा काढताना बीपी, शुगर, आधीचा हार्टचा त्रास लपवू नका. लपवलेलं उघड झालं की क्लेम नाकारला जातो.

तिसरी गोष्ट बाळंतपण. दुबईत नवजात बाळाला पहिले 30 दिवस आईच्या विम्यातून संरक्षण मिळतं. त्याआधीच बाळाचा स्वतंत्र विमा व्हायला हवा. बाळ काचेच्या पेटीत असेल तर रोजचं बिल चढत असतं. तेव्हा कागदांना उशीर करू नका.

इमर्जन्सीत काय करायचं?

1. ॲम्ब्युलन्ससाठी तिकडे 998 नंबर लावा. सौदीत हा नंबर 997 आहे.
2. एमिरेट्स आयडी सोबत ठेवा. बहुतेक ठिकाणी त्यावरूनच विमा तपासतात.
3. जीवावर बेतलं असेल तर नेटवर्क शोधत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलात जा. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचा उपचारही विम्यात धरला जातो. पण विमा कंपनीला लगेच कळवा. बऱ्याच पॉलिसींत 24 तासांची अट असते.
4. पेशंट स्थिर झाला की नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात हलवता येईल का, हे डॉक्टरांना आणि विमा कंपनीला विचारा. इथेच जास्त पैसे जातात. पहिल्या दिवसाचा खर्च विमा देतो, पण पुढचे दहा दिवस नेटवर्कबाहेर राहिलात तर ते बिल आपल्या अंगावर येऊ शकतं.
5. बिलाची सविस्तर प्रत मागा. पैसे कमी पडत असतील तर हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाशी हप्त्यांबद्दल बोला. न सांगता निघून येऊ नका. बिल थकलं तर कोर्टात दावा होतो, प्रवासबंदीही लागू शकते.

भारत सरकारची मदत कुठे मिळते?

परदेशातल्या आपल्या वकिलातींकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर अडचणीत असलेल्या भारतीयाला इमर्जन्सी उपचारासाठी आणि मृतदेह गावी आणण्यासाठी त्यातून मदत मिळू शकते. मात्र परिस्थिती तपासूनच पैसे देतात, मोठं बिल पूर्ण भरतील असं धरून चालू नका. दुबई आणि उत्तरेकडच्या अमिरातींसाठी दुबईचं वाणिज्य दूतावास, अबू धाबीसाठी तिथला दूतावास. दुबईतल्या मदत केंद्राचा टोल फ्री नंबर 800 46342. गावाकडून 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते, किंवा 1800 11 3090 वर फोन करता येतो.

दहावी पास नसलेल्या, ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये मिळतात. पण हॉस्पिटल खर्चाची मर्यादा 1 लाखच आहे, म्हणजे 4,200 दिरहमसुद्धा नाहीत. आखातातल्या खासगी हॉस्पिटलचं मोठं बिल यातून भागणार नाही. पॉलिसीचा कागद मात्र घरी जपून ठेवा. दुर्दैवाने काही झालं तर वारसाला तोच लागतो.

गावाकडून पैसे पाठवायचे असतील तर

आधी त्याच्या एनआरई खात्यात काही आहे का बघा. त्यातली रक्कम परत परदेशात नेता येते, अडवणूक नसते. घरच्यांच्या खात्यातून पाठवायचे असतील तर बँकेत पॅन कार्ड आणि हॉस्पिटलचं पत्र किंवा बिल घेऊन जा. वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही. घाईत हवालावाल्याकडे जाऊ नका. पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही आणि ते बेकायदेशीर आहे.

आज रात्रीच्या फोनवर एवढं विचारा

विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर काय? संपायची तारीख कधी? घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे का? राहत्या जागेजवळचं नेटवर्कमधलं हॉस्पिटल कुठलं? नोकरी बदलत असेल तर जुना विमा कधी संपतो आणि नवा कधी सुरू होतो? व्हिसा रद्द झाला की विमाही जातो, त्यामुळे मधल्या दिवसांत माणूस उघडा पडतो.

कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. तिकडे तो बेशुद्ध असेल तर हॉस्पिटलला हा नंबर तुम्हालाच सांगावा लागेल.