खताचा हिशेब सांगणारे गोष्टीकार

जपानमधल्या हानामाकी गावात १८९६ साली केन्जी मियाझावा जन्मला. दगड गोळा करायचा त्याला भारी नाद! वडिलांचं गहाणवटीचं दुकान होतं. गरीब शेतकरी तिथे घरातल्या वस्तू ठेवून जात. ते पाहून केन्जीला फार वाईट वाटे.

मोठेपणी केन्जी शेतकीशाळेत शिक्षक झाले. १९२४ साली मुलांसाठी त्यांचं गोष्टींचं पुस्तक निघालं. पण खपलंच नाही! पुढे नोकरी सोडून ते शेतकऱ्यांना खतांचा हिशेब फुकट सांगू लागले.

सप्टेंबर १९३३. केन्जी अंथरुणाला खिळलेले. संध्याकाळी एक शेतकरी खताविषयी विचारायला आला. केन्जी उठून त्याच्याशी तासभर बोलले. दुसऱ्याच दिवशी ते गेले. वय अवघं ३७!

हस्तलिखितं धाकट्या भावाने जपली. म्हणून तर आकाशगंगेतल्या आगगाडीची त्यांची गोष्ट आज जगभरची मुलं वाचतात.