अंडे नाही, एवढ्याने भागत नाही

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाचा एक वर्गमित्र दोन दिवसांसाठी आमच्या घरी राहावयास येणार होता. आदल्या संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "काकू, याला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे," ती संकोचाने म्हणाली. मी हसून सांगितले, "अगं, आमच्या घरात अंडे कधी आलेच नाही. निर्धास्त राहा." क्षणभर थांबून ती म्हणाली, "आणि दुधाचीही आहे. तुपाचा हातसुद्धा चालत नाही."

माझे हसू तिथेच थांबले. सकाळच्या न्याहारीसाठी मुलांना कबूल केलेला बेत होता फ्रेंच टोस्टचा. अर्थात आपल्या पद्धतीचा, अंड्याविना. पण दुधात कस्टर्ड पावडर कालवून, पाव त्यात बुडवून, साजूक तुपावर खरपूस परतलेला. त्या मुलाच्या दृष्टीने तो बिनअंड्याचा असून नसल्यासारखाच होता.

अंडे वर्ज्य करणे हा आपल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार. त्यामुळे कोणी अंड्याच्या अ‍ॅलर्जीचा विषय काढला, की आपल्याला तो प्रश्न आपल्यापुरता सुटलेलाच वाटतो. परंतु लहान वयात सर्वाधिक आढळणाऱ्या अन्नाच्या अ‍ॅलर्जींमध्ये अंड्याच्या जोडीला दूध असते, आणि एकाच मुलाला दोन्ही असणे मुळीच नवलाचे नाही. दूध न पचणे निराळे आणि दुधाची अ‍ॅलर्जी निराळी. पहिल्यात पोट बिघडते. दुसऱ्यात शरीर दुधातील प्रथिनांना शत्रू समजते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वासही कोंडतो. तेथे 'थोडेसे खाल्ले तर काय होते' हा आग्रह उपयोगाचा नाही. तूप कढवलेले असले तरी त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश उरतो, म्हणून तेही वर्ज्य. दुधाऐवजी बदामाचे किंवा काजूचे दूध घ्यावे, तर सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असणारीही मुले असतात. आपल्याकडचे घाण्याचे शेंगदाणा तेल शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला तितकेच धोक्याचे, कारण शेंगदाण्याचे प्रथिन त्यात उतरलेले असू शकते.

दुकानातून माल आणताना आपली नजर प्रथम हिरव्या ठिपक्यावर जाते. अंडे असलेल्या पदार्थावर तो ठिपका नसतो, हे खरेच. पण दूध, सोया, गहू, सुका मेवा यांविषयी तो काहीच सांगत नाही. ते पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, घटकांच्या यादीनंतर येणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेत वाचावे लागते. त्या रात्री मी घरातला पाव उलटून पाहिला. त्यात दुधाची पावडर होती. नारळाच्या दुधाच्या पावडरीचे पाकीट पाहिले. त्यात सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचेच प्रथिन. इतकी वर्षे ते 'नारळाचे' म्हणून आम्ही निःशंकपणे वापरीत होतो.

या पदार्थाला अंडे मुळात लागतेच का, हाही प्रश्न मनात आला. अ‍ॅपिशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकसंग्रहात याचा एक पूर्वज सापडतो: पांढऱ्या पावाचे मोठे तुकडे दुधात भिजवायचे, तळायचे आणि वर मध ओतायचा. मूळ लॅटिन पाठात अंड्याचे नाव नाही. (मध आपल्याला चालत नाही, तो भाग वेगळा.) फ्रान्समध्ये याला 'वाया गेलेला पाव' अशा अर्थाचे नाव आहे, कारण तो शिळ्या, कडक झालेल्या पावाला सद्गती देण्यासाठी केला जाई. आपल्याकडे शिळे वर्ज्य. पण ताजा पाव मंद तव्यावर दोन-तीन मिनिटे कोरडा केला की तोच गुण येतो. कोरडा पाव ओल शोषतो आणि लगदा होत नाही.

अंड्याचे काम एवढेच, की उष्णतेने घट्ट होऊन पावात मुरलेला रस धरून ठेवायचा. हे काम स्टार्चही करतो. ते ओळखले बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि कस्टर्ड मात्र आवडे. म्हणून 1837 मध्ये त्याने मक्याच्या स्टार्चपासून बिनअंड्याचे कस्टर्ड सिद्ध केले. तिला यीस्टही चालत नसे, म्हणून पुढे 1843 मध्ये त्याने बेकिंग पावडर तयार केली. घरातील एका माणसाच्या अडचणीतून एक मोठी पेढी उभी राहिली, हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे समजावून सांगावयास नको.

आता त्या सकाळची कृती सांगते. सहा स्लाइससाठी पाव कप बेसन, एक टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर, दोन टेबलस्पून साखर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड एकत्र केली. ओले खोबरे वाटून, पिळून काढलेले नारळाचे दूध पाऊण कप घेऊन थोडेथोडे घालीत गुठळ्या मोडल्या. मिश्रण धिरड्याच्या पिठाहून बरेच पातळ असावे. ते दहा मिनिटे झाकून ठेवले. बेसनात कच्चे दूध किंवा दही कालवले तर ते द्विदलात मोडते. नारळाच्या दुधाने तो प्रश्नही उद्भवत नाही. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असल्यास बेसन व कॉर्नफ्लॉवर गाळून तेवढ्याच नारळाच्या दुधात दोन टेबलस्पून कस्टर्ड पावडर घालावी, तिचेही पाकीट वाचूनच.

पाव बेकरीतून मुद्दाम बिनदुधाचा आणविला. तो कोरडा करून प्रत्येक बाजू मिश्रणात आठ-दहा सेकंदच बुडविली. अधिक वेळ ठेवल्यास तुकडा हातात येत नाही. तव्यावर सूर्यफुलाचे तेल, आच मध्यम-मंद, प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटे. येथे घाई केली की वरून तांबूस दिसते आणि आत बेसनाचा कच्चट वास राहतो. माझा पहिला तुकडा तसाच झाला. तो मीच खाल्ला. वर काकवीची धार आणि केळ्याच्या चकत्या.

तवा, उलथने आणि ताट आधी साबणाने स्वच्छ घासून घेतले आणि त्या सकाळी तुपाचे भांडे ओट्यावर काढलेच नाही. सर्वांसाठी एकच घाणा केला. त्याच्यासाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे केले असते तर उलथने चुकून इकडचे तिकडे गेलेच असते. शिवाय वेगळे ताट समोर आले की मुलाचा चेहरा कसा होतो, हे त्याच्या आईच्या आवाजातील संकोचावरून मला उमगले होते.

ताटे मांडली तेव्हा तो मुलगा जरा मागेच उभा राहिला. "आजी, यात दूध आहे का?" त्याने विचारले. मी पावाचे पाकीट त्याच्या हातात दिले आणि उरलेले ओले खोबरे दाखविले. त्याने पाकिटावरील अक्षरे बोट ठेवून वाचली, मग पाटावर बसला आणि तीन स्लाइस खाल्ल्या.