बांधावरची सुट्टी

हॉलंड म्हटले की आपल्या मंडळींना ट्युलिप, पवनचक्क्या आणि ॲमस्टरडॅम एवढेच आठवते. पण चार दिवस शांतपणे काढायचे असतील तर बेतुवेला जावे. ऱ्हाइनच्या वाल आणि नेडररेन या दोन फाट्यांमधला हा फळबागांचा सपाट मुलूख. एप्रिलच्या उत्तरार्धात सफरचंद-नाशपातीला बहर असतो. सायकल भाड्याने घ्यावी आणि बांधावरचा रस्ता धरावा.

बांधावर गेले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. एका अंगाला नदी आणि तिच्यालगतची गाईंची कुरणे; दुसऱ्या अंगाला घरे. आणि बऱ्याच ठिकाणी घरांची जमीन कुरणांपेक्षा चक्क खाली! नदीकाठचे सलग बांध मध्ययुगात पुरे झाले. तेव्हापासून पुराचा गाळ नदी आणि बांध यांच्यामधल्या पट्ट्यातच साचत राहिला, तो पट्टा उंचावला. बांधामागे गाळ पोचेना, शिवाय पाणी काढून कोरडी ठेवलेली माती खचत गेली. म्हणजे बांधाने ज्यांना वाचवले, त्यांनाच तो अधिक खोलात घालत होता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असले इलाज ओळखीचे आहेत!

सरळ चाललेला बांध मध्येच वळसा घेतो, तिथे थांबावे. शेजारी गोल, खोल तळे असते; त्याला 'वील' म्हणतात. पूर्वी कधीतरी तिथे बांध फुटला, आत घुसलेल्या पाण्याने डोह कोरला. तो बुजवणे आवाक्याबाहेरचे, म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून बांधला. आपण ज्या रम्य काठावर डबा उघडतो तो असा तयार झालेला असतो.

ही जुनी हकिगत नव्हे. 1995च्या जानेवारीअखेर नद्या इतक्या चढल्या की या नदीपट्ट्यातल्या सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. बांध टिकले. आधी ते घाईने मजबूत केले गेले. पण नुसती उंची वाढवत राहण्यात अर्थ नाही हे पटल्यावर 'नदीला जागा' देण्याची योजना आली. नायमेखनसमोर लेंट इथे बांध 350 मीटर मागे सरकवून वालला जोडपात्र खोदले. त्यासाठी काही कुटुंबांची घरे गेली. पिढ्यान्पिढ्या नदीकडून घेतलेली जमीन तिला परत देणे त्यांना सोपे गेले नसणार.

उन्हाळ्यात त्या नव्या पात्रात लोक पोहतात. मुख्य वालमध्ये मात्र पाऊल घालू नये; मालवाहू बोटींची सतत ये-जा असते आणि प्रवाह ओढून नेतो.